एमजीबी भंगारात देण्याआधी

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार भंगारात देताना काही जण सुचवतात, फक्त इंजिन काढा, बाकी जाऊ द्या. नका जाऊ देऊ! सगळ्यात आधी बॅटरी आणि टाकीतलं पेट्रोल काढा.

जोड एसयू कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारे, एसयू बनावटीचे भाग) असतील तर प्रत्येकावर खूण करून वेगळ्या पिशवीत ठेवा. घुमटाकार झाकण आणि आतला पिस्टन ही जुळवलेली जोडी असते. अदलाबदल झाली की पिस्टन अडकतो आणि इंजिन अडखळतं.

तारांची चाकं असतील तर दाते असलेले हबही (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) घ्या. दाते झिजून टोकदार झालेत का, बोट फिरवून बघा. तसे असतील तर ते हब नकोतच. चाकाचा मधला नट गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्याच दिशेने सुटतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे आटे उलटसुलट. तांब्याचाच हातोडा वापरा. पण चाकं सर्वांत शेवटी काढा, नाहीतर गाडी ढकलायची कशी?

गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) असेल तर तो गिअरबॉक्स भंगारात जाऊ देऊच नका. इंजिनासकट एकत्र उचललेला सोपा पडतो. क्रोमच्या पट्ट्यांच्या बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.