साठीनंतरची गिटार: नायलॉनच्या तारा बघा

साठीनंतर गिटार वाजवताना बोटं दुखतात, म्हणून वाढदिवसाला ती भेट देऊ नये, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. दुखतात ती बहुतेक स्टीलच्या तारांनी. आमच्या सासूबाईंना पासष्टाव्या वाढदिवसाला नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेतली. ताण कमी, आणि नटपाशी (मानेच्या टोकाला तारा खाचांत बसतात तिथे) बोटं ठेवायची पट्टी साधारण 52 मिमी रुंद (स्टीलवालीची 43च्या आसपास), त्यामुळे बोट शेजारच्या तारेला लागत नाही. त्या रोज मनापासून वाजवतात, ऐकताना फार आनंद होतो.

नाशिककरांनी एक मात्र सांभाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या कड्यांची) टोकं बोटांना टोचतात. भिंतीला टांगण्यापेक्षा केसमध्ये ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज. गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत तर नकोच. उष्णतेने डिंकाचे सांधे सुटतात.