याश्चिलानच्या राणीच्या शिळा लंडनमध्ये का?

नदीकाठ:
डिसेंबरात याश्चिलानला जाऊन आलो. मेक्सिकोच्या चियापासमध्ये उसुमासिंता नदीच्या मोठ्या वळणात वसलेलं हे माया शहर. पलीकडचा काठ ग्वाटेमालाचा. फ्रोंतेरा कोरोसालहून होडीनंच जावं लागतं. इमारत २३ ही काबाल शोक राणीची. तीन दारं, तीन कोरीव उत्तरंग, म्हणजे दारावरचे आडवे दगड. कोरीवकाम खालच्या अंगाला, म्हणजे आत शिरणाऱ्यानं मान वर केली की राणी दिसावी. मीही मान वर केली, तर वर काहीच नाही! दोन उत्तरंग ब्रिटिश म्युझियममध्ये. ब्रिटिश संशोधक आल्फ्रेड मॉडस्ली १८८२ मध्ये इथं आले, आणि वाहून न्यायला वजन कमी व्हावं म्हणून मागचा दगड तासला गेला. माझं स्पष्ट मत आहे, या शिळा परत यायला हव्यात.

दगडमाती:
साफ असहमत. त्याच नदीवर खाली पिएद्रास नेग्रास हे दुसरं माया शहर आहे. १९६० च्या दशकात तिथले कोरीव शिलास्तंभ चोरांनी करवतीनं कापून नेले. जंगलात ठेवलं की टिकतं, हा समज सोडा. लंडनमधल्या २४ क्रमांकाच्या उत्तरंगावर लाल-निळ्या रंगाचे अंश अजून दिसतात. राजानं मशाल धरलीय, राणी गुडघ्यावर बसून जिभेतून काटेरी दोर ओढतेय, पुढ्यात रक्त शोषायला कागदाची परडी. तिच्या वस्त्राची वीणसुद्धा मोजता येते. प्रसंग इ.स. ७०९ चा! हे संग्रहालयाच्या छताखाली होतं म्हणून वाचलं.

नदीकाठ:
छताखाली होतं म्हणून? मॉडस्लींनी नेलेला उत्तरंग ५६ बर्लिनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाला. मूळ दारावर तो हजार वर्षं राहिला होता.

दगडमाती:
बर्लिनचं मान्य, ते नुकसान भरून येणार नाही. पण त्याचा साचा मॉडस्लींनीच घेतला होता, म्हणून कोरीवकाम आज माहीत तरी आहे. आणि नोंदींचं मोल कमी लेखू नका. माया शिलालेखांत फक्त पंचांग आणि ग्रहतारे आहेत, असं कित्येक अभ्यासक मानत. माया अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी १९६० मध्ये पिएद्रास नेग्रासच्या तारखा जुळवून दाखवलं की ही राजांची चरित्रं आहेत. पुढं याश्चिलानचे राजेही त्यांनीच उलगडले.

पायवाट:
तिसरा, उत्तरंग २६, मेक्सिको सिटीच्या संग्रहालयात आहे. तो राजधानीत हलवलेला चालतो का? न्याय मागायचा तर तिथूनही मागा.

नदीकाठ:
बरोबर बोललात, हे मी लिहायला हवं होतं. मग माझी मागणी बदलतो: आधी तिन्ही मेक्सिको सिटीत एकत्र आणा, आणि दारांवर साच्यातल्या प्रती बसवा. २४ मध्ये रक्त देणारी राणी २६ मध्ये राजाला जॅग्वारचं शिरस्त्राण देते. हा क्रम तिनं एकाच इमारतीसाठी मांडला होता.

दगडमाती:
प्रती बसवायला माझा पाठिंबा. मूळ शिळांच्या प्रवासाला नाही. मागचा दगड आधीच तासलेला आहे, पुन्हा उचलताना तडा गेला तर?