गृहकर्जाचे 40 लाख आले कुठून?

गोदाकाठ : माझ्या गृहकर्जाचे 40 लाख रुपये बँकेने नुकतेच बिल्डरच्या खात्यात जमा केले. बँक एकाची ठेव दुसऱ्याला कर्जाऊ देते, अशी माझी समजूत होती; पण त्यासाठी कोणा ठेवीदाराची शिल्लक कमी झालेली नाही, आणि नाशिकरोडच्या मुद्रणालयात माझ्यासाठी नोटाही छापल्या गेल्या नसतील. मग ही रक्कम आली कुठून?

जुना शाखाधिकारी : नोटा छापणे म्हणजेच पैसा निर्माण करणे असे आपण धरून चालतो, तिथेच गफलत होते. कर्ज देताना बँक ताळेबंदात एकीकडे आपल्याकडून येणे असलेले 40 लाख लिहिते आणि दुसरीकडे तेवढ्याच रकमेची ठेव. ही ठेव आधी कोणाचीच नव्हती, ती कर्जाबरोबरच जन्माला आली. बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली आपल्या त्रैमासिकात हेच स्पष्ट करताना, आधी ठेव आणि मग कर्ज हा पाठ्यपुस्तकी क्रम चुकीचा ठरवला होता. नाशिकची नोट एटीएममधून बाहेर पडते तेव्हा आधीच असलेल्या ठेवीचे फक्त रूप बदलते. उलट, आपण हप्ता भरता तेव्हा त्यातल्या मुद्दलाएवढा पैसा नाहीसा होतो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पेठेतला व्यापारी : तसे असेल तर मार्च महिन्यात बँकेची माणसे मुदत ठेवीसाठी आमच्या दुकानाच्या पायऱ्या का झिजवतात?

जुना शाखाधिकारी : प्रश्न रास्त आहे, आणि मीही त्या पायऱ्या झिजवल्या आहेत. बिल्डरचे खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतील शिल्लकीतून 40 लाख त्या बँकेकडे वळते होतात. ही शिल्लक व्यापारी बँकेला स्वतः निर्माण करता येत नाही, ती रिझर्व्ह बँकच रोखे किंवा डॉलर विकत घेऊन अथवा रेपो दराने, म्हणजे बँकांना अल्पमुदतीसाठी पैसे देताना ती आकारते त्या व्याजदराने, उसनी देऊन निर्माण करते. लोकांच्या ठेवी आल्या की त्यांच्याबरोबर हीच शिल्लक येते, म्हणून ही धावपळ. शिवाय जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे बुडण्याच्या जोखमीनुसार कमी-जास्त धरलेल्या कर्जे व गुंतवणुकींच्या, किमान 9 टक्के भांडवल राखावे लागते आणि परतफेड करू शकेल असा कर्जदारही मिळावा लागतो, त्यामुळे लेखणी हातात आहे म्हणून बँकेला वाटेल तेवढी कर्जे लिहिता येत नाहीत.

गोदाकाठ : आमच्या गावची पतसंस्थाही असाच पैसा निर्माण करते का?

जुना शाखाधिकारी : नाही. ती कर्जाचा धनादेश देते तो बँकेतल्या स्वतःच्या खात्यावर, आणि तेवढी शिल्लक तिथे आधी असावी लागते. आपली मूळ समजूत पतसंस्थेच्या बाबतीत बरोबर आहे.