पितळी पंचपात्रीवर दुसऱ्या ड्रॉमध्ये उभे ओरखडे येत आहेत, डाय कशी दुरुस्त करावी?

अंबड_प्रेसशॉप :
नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे लहान प्रेसशॉप असून भांडी बाजारातील व्यापाऱ्यांसाठी आम्ही पूजेच्या पितळी पंचपात्री तयार करून देतो. पत्रा 70-30 पितळेचा (70 टक्के तांबे, 30 टक्के जस्त), 0.8 मिमी जाडीचा आहे. साधारण 130 मिमी व्यासाच्या चकतीचा पहिल्या ड्रॉमध्ये (पंचाने, म्हणजे वरच्या ठोकळ्याने, दाबून डायच्या साच्यातून ओढण्याच्या टप्प्यात) 78 मिमीचा कप होतो आणि अ‍ॅनीलिंग (तापवून मऊ करणे) व पिकलिंग (अ‍ॅसिडने थर काढणे) झाल्यावर दुसऱ्या ड्रॉमध्ये तो 60 मिमीवर येतो. पहिला ड्रॉ स्वच्छ निघतो. दुसऱ्या ड्रॉनंतर मात्र बाहेरच्या अंगाला बुडापासून काठापर्यंत नखाला लागतील असे तीन-चार उभे ओरखडे दिसतात. बफिंगने ते जातात, पण तेवढ्यासाठी एवढा पितळ घासावा लागतो की भांड्याचे अंग पातळ होते आणि मजुरीही परवडत नाही. डाय डी-2 (साच्यांसाठीच्या कठीण) पोलादाची असून हार्डनिंग केलेली आहे. ती पुन्हा ग्राइंड करून घ्यावी, की नवी कार्बाइड (पोलादाहून कठीण पदार्थाची) रिंग बसवावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टूलरूम_सातपूर :
ग्राइंडिंगचा किंवा नव्या रिंगचा निर्णय आज घेऊ नका. ओरखडा कोण काढतो आहे, हे आधी नक्की करा, कारण डाय, पत्रा आणि तेल या तिघांचेही ओरखडे वरवर सारखेच दिसतात. ड्रॉ रिंगच्या (डायचे कडे, ज्यातून कप ओढला जातो) वरच्या तोंडावर आणि कपाच्या काठावर मार्करने एकेक खूण करा, दोन्ही खुणा जुळवून काही कप ओढा, आणि मग रिंग पाव फेरा फिरवून पुन्हा तेवढेच कप ओढा. ओरखडा रिंगबरोबर सरकला तर दोष रिंगमध्ये आहे. दर कपाला जागा बदलत राहिला तर कचरा तेलातून किंवा कपावरून येतो आहे.

दोष रिंगमध्येच असेल, तर बहुतेक वेळा पोलाद झिजलेले नसते, तर पितळेचे कण त्याला घट्ट चिकटून बसलेले असतात, ज्याला आपण पिकअप म्हणतो. पुढचा प्रत्येक कप त्या उंचवट्यावरून घासत जातो आणि उंचवटा वाढतच राहतो. कोरड्या कापसाचा बोळा रिंगच्या रेडियसवरून (तोंडाच्या गोलाईवरून) आत खाली ओढा. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे दहापट भिंगातून पाहा. राखाडी पोलादावर बारीक पिवळसर पट्टा दिसेल. बोटाला ही जागा सहसा कळत नाही.

हा पट्टा बारीक ऑइलस्टोनने, तेल लावून, अगदी हलक्या हाताने उतरवा. काढायचा आहे तो फक्त पितळ, पोलाद नाही. त्यानंतर नमद्यावर 6 मायक्रॉनची आणि शेवटी 3 मायक्रॉनची हिरा पेस्ट घेऊन पूर्ण रेडियस व बोअर (आतले भोक) सारखे पॉलिश करा, कारण फक्त खराब जागा घासली तर तिथे खळगा पडतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे बरेच जण रिंग लेथवर फिरवून एमरी पेपर लावतात. रिंग चकाकते, पण घासण्याच्या सूक्ष्म रेषा आडव्या राहतात आणि खाली सरकणारा पितळ नेमका त्यांतच अडकतो. म्हणून शेवटचा हात नेहमी कप ज्या दिशेने ओढला जातो त्याच दिशेने, उभाच मारावा.

त्याच वेळी मापेही तपासा. 0.8 मिमी पत्र्याला डायचा रेडियस साधारण 4 ते 6 मिमी असावा आणि पंच व डाय यांच्यात एका बाजूला 0.88 मिमीच्या आसपास जागा असावी. काठाकडे पितळ जाड होत जातो, त्यामुळे जागा कमी असेल तर तिथे वंगणाचा थर तुटतो आणि पिकअपला सुरुवात होते.

जुने_नाशिक_पितळकाम :
वरील सर्व म्हणणे योग्य आहे; मी पिकलिंगबद्दल थोडी भर घालतो. पहिला ड्रॉ स्वच्छ आणि दुसरा खराब असेल, तर मधल्या टप्प्यावर संशय घ्यायलाच हवा. अ‍ॅनीलिंगमध्ये पितळेवर ऑक्साइडचा काळपट थर येतो आणि तो पूर्ण निघाला नाही तर डायमध्ये वाळूसारखा घासतो. सुमारे 10 टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने तो निघतो (द्रावण करताना अ‍ॅसिड पाण्यात ओतावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही ओतू नये), पण त्यानंतर वाहत्या पाण्यात नीट धुवून कप पूर्ण वाळवणे तितकेच गरजेचे आहे. चकतीच्या कडेची बरही (कापताना राहिलेली धारदार कड) काढून टाका, कारण तिचे तुकडे तेलात फिरत राहतात. तेल गाळून वापरा आणि गंधकयुक्त तेल टाळा. त्याने पितळ काळा पडतो.

अंबड_प्रेसशॉप :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रिंग फिरवून पाहिली. दोन ठळक ओरखडे रिंगबरोबर सरकले आणि कापूसही बरोबर त्याच जागी अडकला. बाकीचे बारीक ओरखडे जागा बदलत होते. तेलाची ट्रे रिकामी केली तेव्हा तळाशी पितळेचे चुरे आणि काळी पूड निघाली. आता एक शंका आहे. रिंगला चिकटलेला पितळ अमोनिया असलेल्या पॉलिशच्या द्रावणाने विरघळवून काढता येईल का? म्हणजे पोलादाला हात लावावा लागणार नाही.

टूलरूम_सातपूर :
प्रेसवर बसवलेल्या डायला ते अजिबात लावू नका. अमोनियाचा अंश रिंगवर राहून कपाला लागला, तर ओढकामाचा ताण अंगात असलेला 70-30 पितळ काही दिवसांनी आपोआप तडकू शकतो. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी पुंगळी अशीच तडकत असे. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि पितळेतील उरलेला ताण यांचा हा एकत्रित परिणाम आहे, हे 1921 मध्ये स्पष्ट झाले. आपला पत्राही त्याच मिश्रधातूचा आहे, आणि पंचपात्री घरोघरी वर्षानुवर्षे वापरली जाते.

तेव्हा ऑइलस्टोन आणि हिरा पेस्ट हाच मार्ग ठेवा. शक्य असल्यास दुसऱ्या ड्रॉनंतर कप सुमारे 260 अंश सेल्सिअसला तासभर ठेवा. पितळ मऊ न पडता ताण बराचसा निघून जातो. ट्रे धुतल्यावर ताजे तेल भरण्यापूर्वी रिंग काढून तिच्या खालची बैठकही पुसून घ्या, तिथे चुरा साठतो आणि रिंग किंचित तिरकी बसते. कार्बाइड रिंगचा विचार हे सगळे झाल्यावर, पिकअप पुन्हा लवकर येऊ लागला तरच करा.