टिळकांच्या वाक्याखाली 'लखनौ' लिहायचं, 'बेळगाव' लिहायचं, की काहीच नाही?

शाईदौत
गणपतीच्या फ्लेक्सची कामं सुरू झाली की दरवर्षी हेच. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच', वर पगडी, खाली कुठे 'लखनौ, १९१६', तर आपल्याकडे 'बेळगाव, १९१६'. माझं म्हणणं सरळ आहे. वाक्य ठेवा, लोकमान्यांचं नाव ठेवा, गाव आणि साल काढा. त्या तारखेच्या भाषणाचा छापील मजकूर उघडून ओळीवर बोट ठेवता येत असेल तरच तारीख लिहावी. बेळगावच्या वाट्याला जे निर्विवाद आलंय ते काय कमी आहे? होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य मागणारी टिळकांची संघटना, इथेच स्थापन झाली, २८ एप्रिल १९१६ ला.

खडेबाजार
लखनौ काढा, त्याला माझी ना नाही. ते काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबरअखेरचं, लीग निघून आठ महिने झाल्यावरचं. शिवाय देशभरच्या प्रतिनिधींसमोर कोणी 'मिळवणारच' असं अस्सल मराठीत कशाला म्हणेल? पण बेळगाव का पुसायचं? १ मे ला टिळक इथे बोलले, विषय स्वराज्याचाच, आणि ते भाषण सरकारला इतकं झोंबलं की खटला भरला. घोषणेला पावती मागत बसलात तर शहरात एक फलक उरायचा नाही बघा.

शाईदौत
खटल्याचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. बेळगावचं ते एक आणि नगरची दोन (३१ मे आणि १ जून), अशी तीन भाषणं सरकारने पुढे केली. मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला, टिळकांच्या बाजूने जिना उभे होते. म्हणजे या भाषणाचा मजकूर हवेत विरलेला नाही, तो खटल्यात आहे. तपासायची सोय असताना न तपासता लिहायचं, यालाच माझा आक्षेप आहे.

तपासायचं कसं तेही सांगतो. भाषणं मराठीत, खटला इंग्रजीत. पुढच्या काही पुस्तकांनी इंग्रजीवरून पुन्हा मराठी केलं, तिथे 'जन्मसिद्ध' हा शब्द भाषांतरकाराचा असू शकतो. म्हणून आधी त्या आठवड्याचं मराठी वर्तमानपत्र गाठा. १ मे १९१६ ला सोमवार होता आणि 'केसरी' मंगळवारी निघे. दुसऱ्या दिवशीच्या अंकात सबंध भाषण बसणं कठीण, तेव्हा २ मे आणि ९ मे असे दोन्ही अंक बघायचे. नुसता २ चा अंक चाळून 'नाही सापडलं' म्हणणारे इथेच फसतात.

संगणकावर शोधताना अख्खं वाक्य टाकू नका. जुन्या छपाईत 'मिळविणारच' असेल, 'आणि'च्या जागी 'व' असेल, अनुस्वार आजच्यापेक्षा जास्त असतील, आणि स्कॅनवरून अक्षरं ओळखताना यंत्र 'द्ध'चं 'ध्द' करतं ते वेगळंच. 'माझा जन्म' एवढाच तुकडा टाका आणि पुढचं डोळ्यांनी वाचा. बांधीव खंडांत आणखी एक घोळ असतो. पडद्यावर दिसणारं साल कधी कधी मालिकेच्या पहिल्या खंडाचं असतं, म्हणून मुखपृष्ठाचं पान उघडल्याशिवाय साल धरू नये.

तिसरं गेट
तुम्ही दोघं टिळकांपाशीच अडकलात की! वाक्य काका बॅप्टिस्टांनी सुचवलं असं कित्येक ठिकाणी छापलंय. लीगचे पहिले अध्यक्ष तेच होते. मग फलकावर त्यांचं नाव का नको?

शाईदौत
कित्येक ठिकाणी छापलंय, पण कधी छापलंय? दहा पुस्तकं एकमेकांवरून उतरवलेली असली तर तो एकच साक्षीदार. सालाप्रमाणे लावून मागे मागे जायचं आणि सर्वांत जुनं कोणतं ते बघायचं. ते १९१६ च्या आसपासचं निघालं तर मी स्वतः बॅप्टिस्टांचं नाव लिहायला सांगेन.

निपाणीवाला
खडेबाजारांच्या बाजूने एक दाखला देतो, शाईदौतांना आवडायचा नाही. 'गड आला पण सिंह गेला.' सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी आहे ते 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला'. सिंह त्यात नाहीच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं नाव झालं आणि सिंह घरोघरी गेला. पण खरं सांगा, कोणतं वाक्य तोंडात बसतं? लोकांनी घासूनपुसून गोल केलेल्या शब्दांनाही काही किंमत आहे की नाही?

शाईदौत
किंमत आहे, म्हणून तर वाक्य काढा म्हणत नाही. पण त्या सिंहाने पुढे काय केलं बघा. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, असं पोरं शाळेत सांगतात. लढाई १६७० ची, आणि 'सिंहगड' हे नाव १६६३ च्या पत्रात आहे. वाक्य गोल झालं आणि त्याच्या ओढीने इतिहासही सरकला.

मलप्रभेकाठचा
कन्नड बाजूचंही एक घ्या. 'कायकवे कैलास' हे इकडे कोणालाही विचारा, बसवण्णांचं म्हणून सांगतील. वचनात, म्हणजे शरणांच्या कन्नड रचनेत, शेवटी अंकित असतं, अभंगात 'तुका म्हणे' असतं तसं. बसवण्णांचं अंकित कूडलसंगमदेव. हे शब्द ज्या वचनात येतात त्याचं अंकित आहे अमरेश्वरलिंग, म्हणजे ते आयदक्की मारय्यांचं. मूळ ओळ 'कायकवे कैलासवाद कारण', म्हणजे कायक (आपलं कष्टाचं काम) हाच कैलास असल्यामुळे. अर्थ असा की कायकात रमल्यावर गुरुदर्शन, लिंगपूजा यांचाही विसर पडावा. मागचंपुढचं तोडून दोनच शब्द उरले, अंकित गळालं, आणि वचन मोठ्या नावाला जाऊन चिकटलं. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या माणसाचे शब्द आहेत हे कळलं की ते जास्त जड वाटतात, हे माझं मत.

अंकितावरही डोळे झाकून विसंबू नये म्हणा. 'तुका म्हणे' कोणालाही जोडता येतं, आणि जोडलंय.

खडेबाजार
मारय्यांचं पटलं. पण तिथे दुसरा धनी सापडला म्हणून नाव बदलायचं. टिळकांच्या वाक्याला दुसरा धनी कुठे सापडलाय? मग भांडण फक्त गावाचं. एवढ्यासाठी इतका काथ्याकूट?

शाईदौत
खोटं बहुतेक गाव आणि तारखेतच सापडतं. ते मेकॉलेचं 'भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही' आठवा. खाली लिहितात 'ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५'. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता, शिक्षणावरच्या त्याच्या टिपणावर हीच तारीख आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसच्या चित्राखाली गांधीजींचं म्हणून 'जगात हवा तो बदल आधी स्वतः बना' टाकतात, तेही तसलंच. १९१३ मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा की आपण बदललो तर जगाची वृत्तीही बदलेल. उपदेशाची चटपटीत ओळ त्यात नाही.

खडेबाजार
बरं, तडजोड. वाक्याखाली नुसतं 'लो. टिळक'. त्याखाली रेघ मारून वेगळी ओळ: 'होमरूल लीगची स्थापना, बेळगाव, २८ एप्रिल १९१६'. चालेल?

तिसरं गेट
आणि बॅप्टिस्ट?

खडेबाजार
त्याच ओळीत 'पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्ट'. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर बसतं, पगडी थोडी लहान करायला सांगा.

शाईदौत
चालेल. मधली रेघ तेवढी ठळक असू दे, नाहीतर पुढच्या वर्षी दोन्ही ओळी जोडून वाचतील आणि हाच धागा पुन्हा वर येईल.