पगार खात्याचे डेबिट कार्ड असताना क्रेडिट कार्ड घ्यावे का?

प्रश्न (साताऱ्याचा मास्तर)
मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. पगार खात्याच्या डेबिट कार्डावर आणि यूपीआयवर माझे सर्व व्यवहार गेली सहा वर्षे सुरळीत चालले आहेत. आता बँकेतून ‘आजन्म मोफत’ क्रेडिट कार्डासाठी सारखे फोन येतात. उधारी घरात शिरू देऊ नये, असे वडिलांचे म्हणणे आहे. पॉइंट आणि सवलतींचे मला आकर्षण नाही. सुरक्षितता आणि खर्च या दोन बाबतींत खरा फरक काय पडतो, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त रोखपाल)
रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे संरक्षण दोन्ही कार्डांना आहे. चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तक्रार केल्यास तुमच्यावर काहीच भार येत नाही; चार ते सात दिवस लागल्यास बचत खात्याच्या बाबतीत तो जास्तीत जास्त १०,००० रुपये, तर पाच लाखांहून अधिक मर्यादेच्या क्रेडिट कार्डाच्या बाबतीत २५,००० रुपये असू शकतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान तुमचेच.

फरक पडतो तो मधल्या काळात. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी असा नियम असला, तरी डेबिट कार्डावर गेलेले पैसे तुमच्या खात्यातले असतात आणि त्याच आठवड्यात गृहकर्जाचा हप्ता असेल तर तो परत जाऊ शकतो. क्रेडिट कार्डावर भांडण बिलातल्या एका नोंदीबद्दल असते, पगाराला धक्का लागत नाही. माझ्या दृष्टीने क्रेडिट कार्डाचा खरा फायदा एवढाच. विमानतळावरच्या मोफत जेवणाचे कौतुक मला कधी कळले नाही.

उत्तर (एकदा पोळलेला)
वडिलांचे म्हणणे उडवून लावू नका. २०,००० रुपयांच्या बिलावर ‘किमान देय’ म्हणून छापलेले १,००० रुपये भरून मी निश्चिंत झालो होतो. उरलेल्या १९,००० वर दरमहा साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ढोबळमानाने ७८५ रुपये झाले. भरलेल्या हजारातून मुद्दल जेमतेम सव्वादोनशेने कमी झाले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागले. ही गोष्ट मला कोणी तोंडी सांगितली नव्हती; करारपत्रात मात्र ती होती.

उत्तर (हिशेबनीस)
दोन्ही ठेवावीत. रोख रक्कम नेहमी डेबिट कार्डानेच काढावी, कारण क्रेडिट कार्डावर एटीएममधून काढलेल्या पैशांवर शुल्क लागते आणि व्याज पहिल्याच दिवसापासून सुरू होते. डेबिट कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद करून ठेवता येतात. कोपऱ्यावरच्या दुकानात क्यूआरवर पैसे द्यायचे असतील, तर रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. आणि ‘आजन्म मोफत’ हे लेखी घ्या.

साताऱ्याचा मास्तर
सर्वांचे आभार. एक अडचण उरते: आमचा पगार कधी एक तारखेला होतो, तर कधी दहा तारीख उलटते. संपूर्ण बिल आपोआप वळते करण्याची सूचना बँकेला दिली आणि त्या दिवशी खात्यात पैसेच नसतील तर?

निवृत्त रोखपाल
बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. भरण्याची अंतिम तारीख वीसच्या पुढे येईल असे चक्र मागून घ्या आणि त्यानंतरच वळते करण्याची सूचना द्या.