वूडनचा २-२-१ झोन प्रेस: उंची नसलेल्या कॉलेज बास्केटबॉल टीमने आज कसा लावावा? (हाफकोर्ट, बेसलाइन आणि पोस्टअप ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं)

हाफकोर्ट

यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या १९६३-६४ च्या टीममध्ये पहिल्या पाचांत ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कोणी नव्हतं. तरी टीम ३०-० गेली आणि कोच जॉन वूडनला एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेचं पहिलं विजेतेपद मिळालं. त्याआधी १५ हंगाम तो तिथेच कोच होता. मग १६व्या वर्षी बदललं काय, फक्त प्रेस, म्हणजे समोरच्याला त्याच्या बाजूपासूनच अडवणारा बचाव?

दुसरा प्रश्न कामाचा. आंतरमहाविद्यालयीन टीम आहे, सर्वात उंच मुलगा ६ फूट १ इंच. २-२-१ मध्ये कोणाला कुठे उभं करायचं? फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत तो चालतो का?

बेसलाइन

आधी जागा. १९६४ मध्ये पुढच्या जोडीत गेल गुडरिच आणि फ्रेड स्लॉटर, मधल्या जोडीत वॉल्ट हॅझर्ड आणि जॅक हर्श, सर्वात मागे एकटा कीथ एरिक्सन. स्लॉटर सेंटर होता, तरी पुढे. सेंटर मागेच ठेवायचा ही सवय इथे सोडा. मागे उंची कमी असली तरी चालते, अंदाज आणि उडी हवी. एरिक्सन त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेच्या व्हॉलीबॉल टीममधून खेळला, यावरून कल्पना येईल.

बास्केट झाली की पुढचे दोघे फ्री थ्रो लाइनच्या दोन टोकांशी, मधले दोघे सेंटर लाइनच्या थोडं अलीकडे, शेवटचा आपल्या बास्केटच्या बाजूला. पहिला पास अडवू नका, कोपऱ्यात जाऊ द्या. चेंडू मिळालेल्याला पुढचा माणूस आतली बाजू बंद करून साइडलाइनने ड्रिबल करायला लावतो. सेंटर लाइन जवळ आली की त्या बाजूचा मधला माणूस समोरून येतो आणि ट्रॅप बसतो, म्हणजे दोघं मिळून चेंडूवाल्याला कोंडतात. त्याच क्षणी दुसरा पुढचा माणूस मधल्या पट्ट्यात उतरतो, दुसरा मधला माणूस चेंडूच्या बाजूला सरकतो, शेवटचा साइडलाइनवरच्या लांब पासकडे झुकतो. तिरका क्रॉसकोर्ट पास मोकळा राहतो आणि तो राहूच द्यायचा: लांबचा पास हवेत जास्त वेळ असतो, तेवढ्यात झोन फिरतो.

बिघडतं ते बहुतेक मध्यभागी. दुसरा पुढचा माणूस चेंडूकडे बघत उभा राहतो, समोरचा खेळाडू पट्ट्यात येऊन पास घेतो आणि तीनास दोन होतं. दुसरी चूक ट्रॅपमध्ये हात मारण्याची. हात वर, पाय एकमेकांना लागून, दोघांच्या मधून वाट नको. चेंडू हिसकावायला जाऊच नये. समोरच्याकडून लॉब किंवा बाउन्स पास निघाला की काम झालं, तो संथ पास मागचे तिघे खातात.

पोस्टअप

१५ वर्षांबद्दल. प्रेस वूडनला नवा नव्हता, हायस्कूलमध्ये कोच असताना त्याने तो वापरला होता. यूसीएलएत तो मुख्य हत्यार व्हावा म्हणून जेरी नॉर्मन हा सहाय्यक मागे लागला. पण सगळं श्रेय प्रेसला देणं मला पटत नाही. १९६२ मध्येच टीम अंतिम चारमध्ये होती आणि सिनसिनाटीकडून ७२-७० असं हरली. हॅझर्ड तेव्हाही होता, पुढे गुडरिच आला. आणि जिमखाना! जुनं मेन्स जिम इतकं लहान की १९५५ मध्ये अग्निशमन खात्याने प्रेक्षकांवर मर्यादा घातली आणि घरचे सामने बाहेर खेळावे लागले. पॉली पॅव्हिलियन १९६५ ला उघडलं, म्हणजे पहिली दोन विजेतेपदं त्याच्याशिवायची. पुढच्या आठांपैकी पाचांमागे अल्सिंडर (नंतरचा करीम अब्दुल-जब्बार) आणि वॉल्टन हे उंच सेंटर होते, तुमच्यासारख्या टीमने त्यांतून प्रेस शिकू नये. १९६४ ची फायनल अभ्यासा: ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोघे होते. पहिल्या हाफमध्ये यूसीएलएने अडीच मिनिटांत ओळीने १६ गुण घेतले, शेवट ९८-८३.

आणखी एक, विजेतेपदांची संख्या आजच्या मापाने मोजू नका. १९६४ मध्ये २५ टीमच्या स्पर्धेत यूसीएलएला चार सामने पुरले, आज ६८ टीममध्ये सहा लागतात.

बेसलाइन

चार असोत की सहा, १२ वर्षांत १० वेळा हे दुसऱ्या कोणालाच जमलेलं नाही :)

फिबाचं राहिलं. वूडनच्या काळात कॉलेजला शॉट क्लॉक (शॉट घ्यायची वेळमर्यादा) नव्हता आणि सेंटर लाइन ओलांडायला १० सेकंद होते. आता फिबात सेंटर लाइनला ८ आणि शॉटला २४ सेकंद. म्हणजे चेंडू न मिळवताही प्रेसचा फायदा होतो: समोरच्याने ७ सेकंद घालवले तर हल्ल्याला १७ उरतात. म्हणून ट्रॅप दरवेळी नको, दोनदा नुसतं साइडलाइनकडे वळवा, तिसऱ्यांदा ट्रॅप. फाउलचा हिशेब मात्र कडक. क्वार्टरमध्ये पाचव्या टीम फाउलपासून फ्री थ्रो, आणि ट्रॅपमधले फाउल भराभर साठतात. चार झाले की ट्रॅप बंद, फक्त अडवणूक.

हाफकोर्ट

सरावात किती वेळ द्यावा? आठच मुलं चांगली आहेत.

पोस्टअप

वूडनचा सराव साधारण दोन तासांचा, मिनिटामिनिटाचा आराखडा ३ बाय ५ इंचांच्या कार्डावर. प्रेस एकदम पाच विरुद्ध पाच नको. आधी एका बाजूला दोन विरुद्ध एक, फक्त ट्रॅपचे पाय. मग चार विरुद्ध चार, ज्यात दुसऱ्या पुढच्या माणसाने पट्ट्यात उतरलंच पाहिजे. शेवटी पूर्ण, तेही आपण बास्केट केल्यानंतरच, कारण चुकलेल्या शॉटवर मांडणी करायला वेळ मिळत नाही. शूटिंग खराब असेल त्या दिवशी प्रेस आपोआप कमी लागतो, हे गृहीत धरा. रोज २० ते २५ मिनिटं पुरेत. १९६४ मध्येही मुख्य भार सात जणांवरच होता, बदली म्हणून केनी वॉशिंग्टन आणि डग मॅकिंटॉश.

आणि मैदानावर भाषणं नकोत. १९७४-७५ मध्ये थार्प आणि गॅलिमोर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी वूडनच्या सरावातली २,३२६ शिकवण्याची वाक्यं-कृती नोंदवली. सुमारे ७५ टक्क्यांत निव्वळ माहिती, कौतुक ६.९ आणि नापसंती ६.६ टक्के. 'आतला पाय पुढे', 'पट्टा बंद' एवढंच बोला.

बेसलाइन

आठ मुलांत पुढच्या जोडीसाठी तिघं फिरते ठेवा, सर्वात जास्त पळणं तिथेच. मागच्या माणसाला शक्यतो बदलू नका. आणि चेंडू मधल्या पट्ट्यातून सलग दोनदा पार झाला तर टाइमआउटची वाट न पाहता पाचही जणांना हाफकोर्टवर परत बोलवा.